अर्ज टाकला, आता विचारायचं कसं?

वडोदऱ्यातल्या आमच्या प्रतापनगरात नोकरीचा अर्ज कुणा एकट्याचा नसतो. मुलाने सकाळी अर्ज टाकला, की संध्याकाळी दूध आणायला जाताना शेजारचे काका विचारतात, जिन्यात मासी विचारतात, आणि आठवडा उलटला की घरचेच सुरू करतात, ‘काय रे, काही कळलं का?’ त्या पोराला काहीच कळलेलं नसतं. मग फर्मान निघतं, ‘नुसता बसू नकोस. जाऊन विचारून ये. फोन कर. कुणाच्या तरी कानावर घालायला हवं.’ मी जन्मभर टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. तिथे येणारे निम्मे फोन उमेदवाराला घाई असते म्हणून येत नसत. शेजाऱ्यांना काय सांगायचं हा प्रश्न सुटावा म्हणून येत.

माझं टेबल मकरपुरा जीआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात, पर्सोनेल खात्यात होतं. पुढे खात्याचं नाव एचआर झालं, टेबल तेच राहिलं. वडील मात्र रेल्वेचे, इथल्याच वर्कशॉपात फिटर. डभोईकडच्या नॅरोगेज गाड्यांवर त्यांची हयात गेली. मियागाम-डभोई मार्गावर १८६२ साली पहिल्या गाड्या बैलांनी ओढल्या, हे ते नव्या पाहुण्याला हटकून ऐकवत. आता नॅरोगेज गेली, जानेवारी २०२१ पासून प्रतापनगरहून थेट एकतानगरला ब्रॉडगेज गाडी जाते, पण इथल्या डोक्यांत रेल्वे पक्की आहे. रेल्वेतून निवृत्त झालेले काका कारखान्यात अर्ज टाकणाऱ्या पोराला सल्ला देतात, आणि कारखान्यात चिकटलेला मामा रेल्वेची परीक्षा देणाऱ्या भाच्याला. दोन्हीकडची रीत वेगळी, त्यामुळे दोन्ही सल्ले चुकतात. माझ्या डोळ्यांसमोर जी नुकसानं झाली त्यांतली बरीच अशीच झाली.

त्यातलं एक सांगते. आमच्याकडे क्वालिटी इन्स्पेक्टरची एक जागा निघाली होती. ट्रेड टेस्टला आलेल्यांत एक मुलगा असा होता, की मायक्रोमीटर हातात घेण्याच्या पद्धतीवरूनच आमच्या शॉपच्या मॅनेजरांनी मान डोलावली. ड्रॉइंग वाचता येत होतं, चूक झाली तर झाली म्हणत होता. त्याचं नाव यादीत पहिलं लागलं. ‘पंधरा दिवसांत कळवू,’ असं त्याला सांगितलं गेलं, आणि त्या पंधरवड्यात फाइल सहीसाठी मुंबईच्या हेड ऑफिसला जाऊन पडली.

तिसऱ्या दिवशी त्याचा पहिला फोन आला, ऐन जेवणाच्या सुट्टीत. ‘मॅडम, काय झालं?’ कोण बोलतंय, कुठल्या पदासाठी, काही नाही. चौथ्या दिवशी वडिलांचा. मग मामांचा; त्यांची आमच्या कँटीनच्या ठेकेदाराशी ओळख होती आणि ती त्यांनी फोनच्या सुरुवातीलाच सांगून टाकली. आठवड्याच्या शेवटी एका नगरसेवकाच्या लेटरहेडवर पत्र आलं, ‘सदर उमेदवार माझ्या चांगल्या परिचयाचे असून...’ त्यात उमेदवाराचं आडनाव चुकलेलं होतं. या सगळ्यावर कडी म्हणजे मॅनेजरांचा मोबाइल नंबर त्याने कुठून तरी मिळवला आणि रोज सकाळी गुलाबाच्या फुलासकट ‘शुभ प्रभात सर’ आणि रात्री साडेदहाला ‘सर, काही अपडेट?’ सुरू झालं. ज्या मॅनेजरांनी त्याला पहिला नंबर दिला होता, तेच एके दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, ‘बेन, आ छोकरो हजी लाग्यो नथी ने आटलुं करे छे. काले रजा नहीं आपुं तो शुं करशे?’ यादीतलं दुसरं नाव पहिलं झालं.

अन्याय झाला, असं मला आजही वाटतं. पोरगा कामाचा होता आणि घाबरलेला होता, एवढंच. आणि फाइल अडकली आहे, जरा उशीर होईल, हे त्याला आमच्या बाजूने कुणी कळवलं नव्हतं. पण कारखाना असा विचार करत बसत नाही. कामाचा माणूस आणि कटकटीचा माणूस यांत निवड करायची वेळ आली, की मॅनेजर थोडा कमी कामाचा पण शांत माणूस घेतो. हे मी एकदा नाही, पुष्कळदा पाहिलं.

म्हणून आधी पलीकडे काय चाललेलं असतं ते समजून घ्या. जाहिरात निघाली म्हणजे जागा मंजूर झालीच, असं नसतं. शॉपवाला माणूस मागतो, त्या मागणीवर प्लांटची सही होते, मग पैशाची मंजुरी वरून यायची असते. मध्येच एखादी ऑर्डर रद्द होते आणि ‘थांबा जरा’ असा निरोप येतो. कधी आतलाच एखादा कंत्राटी कामगार त्या जागेवर डोळा ठेवून असतो आणि त्याच्या बाजूने कुणी भांडत असतं. मार्चअखेर असेल तर कुणी कशावर सही करत नाही. यातलं काहीही बाहेरच्या माणसाला सांगायची टेबलावरच्या बाईला परवानगी नसते. ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे जे उत्तर तुम्हाला टाळाटाळ वाटतं, ते बहुतेक वेळा अक्षरशः खरं असतं.

आणि निवड झाली म्हणजेही सगळं संपत नाही. वडोदऱ्यात तर मुळीच नाही. पहिल्या नंबरच्या उमेदवाराला आम्ही पत्र देतो, तो हो म्हणतो, आणि रुजू व्हायच्या दिवशी येतच नाही. रिफायनरीतून बोलावणं आलेलं असतं, जीएसएफसीत काका असतात, किंवा रेल्वेचं पत्र येतं. रेल्वेचं पत्र आल्यावर मकरपुऱ्याला कोण येतो! अशा वेळी शॉपवाला ओरडत असतो, माणूस आजच हवा. मी दुसऱ्या नावाला फोन लावते. नंबर बंद. तिसऱ्याला लावते. ‘मी तर सुरतला लागलो, मॅडम.’ चौथ्याचा मेल उघडते, तो परत येतो. अर्जानंतरच्या विचारपुशीचा खरा उपयोग इथे असतो. विचारल्याने निवड बदलत नाही. ती तुमच्या गुणांवर, त्यांच्या गरजेवर आणि थोडी नशिबावर व्हायची ती होते. पण जागा अचानक पुन्हा मोकळी झाली, की ज्याचं नाव, नंबर आणि तयारी टेबलावर ताजी असते त्याला पहिला फोन जातो. विचारायचं ते एवढ्यासाठी. त्याहून जास्त अपेक्षा ठेवली की मग वाक्यं बिघडायला लागतात.

ज्या जागेची गोष्ट सांगितली तिथेही शेवटी हेच झालं. दुसऱ्या नंबरचा उमेदवार आला नाही. जिला घेतलं ती यादीत बरीच खाली होती, डिप्लोमा झालेली मुलगी. सांगितलेले पंधरा दिवस होऊन गेल्यावर तिचा मेल आला होता. वेगळा मेल तिने लिहिला नव्हता. आमच्या जुन्या मेललाच उत्तर दिलं होतं, त्यामुळे खाली तिचा अर्ज, तारीख, सगळं तिथेच होतं. मला शोधाशोध करावी लागली नाही. मूळ मेल इंग्रजीत होता. मराठीत लिहिला असता तर साधारण असा झाला असता:

‘नमस्कार मॅडम, क्वालिटी इन्स्पेक्टरच्या पदासाठी मी ४ जूनला अर्ज केला होता आणि १२ जूनला ट्रेड टेस्ट दिली. मधल्या काळात माझ्या शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला, गुणपत्रक सोबत जोडलं आहे. निवडीबद्दल साधारण कधीपर्यंत कळेल, हे सांगता आलं तर बरं होईल. माझा फोन नंबर तोच आहे, दुपारी ४ नंतर कधीही फोन केलात तरी चालेल.’

खाली पूर्ण नाव आणि नंबर. बस्स. हा मजकूर जवळून पाहण्यासारखा आहे. पहिल्याच वाक्यात पद आणि तारीख आली, म्हणजे ‘कोण हो आपण?’ विचारायची वेळ माझ्यावर आली नाही. दुसऱ्या वाक्यात एक नवीन गोष्ट आहे, निकाल. त्यामुळे तो मेल छापून फाइलला लावायला मला कारण मिळालं. नुसतं ‘काय झालं’ असतं तर फाइलला काय लावणार? तिसऱ्या वाक्यात तिने ‘माझी निवड झाली का’ असं विचारलं नाही, ‘कधीपर्यंत कळेल’ असं विचारलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही. दुसऱ्याचं देऊ शकते. मी तिला लिहिलं, ‘महिनाअखेरीपर्यंत कळेल.’ ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा समोरच्याला अधिकार आहे, तोच प्रश्न त्याला विचारावा, हे त्या मुलीला कुणी शिकवलं होतं की आपोआप सुचलं, देव जाणे.

नवीन सांगण्यासारखं काहीच नसेल तर ओढूनताणून काढू नका. तारखेपुरतं विचारा आणि थांबा.

आता केव्हा विचारायचं. याची सोय मुलाखतीच्या दिवशीच करून ठेवता येते. उठताना सहज विचारायचं, ‘साधारण कधीपर्यंत कळेल? मध्ये चौकशी करायची झाली तर कुणाकडे करू?’ यात कुणाला राग येत नाही, आणि नाव, मेल, तारीख तीनही गोष्टी हातात पडतात. पंधरा दिवस सांगितले असतील तर पंधरा दिवस आणि वर कामाचे दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. काहीच सांगितलं नसेल तर दहा-बारा दिवस थांबून एक मेल. उत्तर नाही आलं तर दोन-तीन आठवड्यांनी आणखी एक, त्याच मेलच्या खाली. त्यानंतर त्या कारखान्याचा विषय डोक्यातून काढून पुढचा अर्ज टाकायचा. दोनदा विचारून ज्याने उत्तर दिलं नाही, तो तिसऱ्यांदा विचारल्यावर द्यायला लागतो असं मी तरी पाहिलं नाही.

पर्सोनेल खात्याचंही एक पंचांग असतं, ते उमेदवारांना ठाऊक नसतं. महिन्याचे पहिले सात दिवस पगाराचे. पगार ठरल्या तारखेच्या आत झाला नाही तर कायदा आडवा येतो. पंधरा तारखेच्या आत पीएफ आणि ईएसआय भरायचे असतात, त्यामुळे तेरा-चौदाला फोन करून कुणाच्या तरी शिव्या खाऊ नका. सोळा ते पंचवीस हे दिवस चांगले. वेळ सकाळी अकरानंतरची, किंवा दुपारी तीन-चारच्या सुमाराची. आणि वडोदऱ्यापुरतं सांगते, नवरात्रात सकाळी फोन करू नये. रात्री गरब्याहून आलेला माणूस अकराला जेमतेम डोळे उघडतो. उत्तरायणाच्या दोन दिवसांत तर अख्खं शहर गच्चीवर असतं, तेव्हा केलेला मेल पतंगाच्या मांज्यात गेला म्हणून समजा.

फोनवर बोलायचंच असेल तर आधी आपलं नाव, पद, अर्जाची तारीख, आणि मग ‘आत्ता दोन मिनिटं बोलता येईल का?’ समोरचा ‘नंतर करा’ म्हणाला तर ‘कधी करू?’ एवढं विचारून ठेवून द्यावा. कॉलर ट्यूनवर भजन असलं तरी हरकत नाही, पण मागे टीव्ही नको. फोन उमेदवारानेच करावा. वडिलांचा फोन आला की आमच्याकडे पहिला प्रश्न निघायचा, ‘मुलगा बोलत नाही का?’ आणि एक गोष्ट जरा आपल्या लोकांना उद्देशून. माझं मराठी आडनाव ऐकलं की काही जण एकदम सलगीवर येत, ‘ताई, तुम्ही कुठल्या? दांडिया बाजारातल्या का? म्हणजे आपल्यातल्याच की!’ माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही ते ऐकू जाई. त्यानंतर त्या उमेदवारासाठी मी सरळपणे काही केलं, तरी ते आपल्या माणसासाठी केलं असं होणार, म्हणून मी जास्तच कडक व्हायचे. समोरचा गुजरातीत बोलला तर गुजरातीत बोला, हिंदीत बोलला तर हिंदीत. मराठीत तो स्वतः आला तर आनंदाने या.

व्हॉट्सअ‍ॅप वाईट नाही. पण कंपनीने तो नंबर स्वतः दिला असेल तरच, आणि ऑफिसच्या वेळात. एकच मेसेज, सलग. ‘हाय मॅम’ म्हणून थांबायचं आणि उत्तराची वाट बघत बसायचं, असं नको. निळ्या खुणा उमटल्या म्हणून निवड झाली असंही नाही आणि नाही उमटल्या म्हणून गेली असंही नाही.

गेटवर प्रत्यक्ष अर्ज देणारे अजून पुष्कळ आहेत, आयटीआयवाले विशेषतः. सिक्युरिटीच्या केबिनमध्ये लिफाफा ठेवून येतात आणि मग महिनाभर तळमळतात. लिफाफा देताना एक झेरॉक्स बरोबर न्या आणि तिच्यावर पोच मागा, शिक्का किंवा निदान सही-तारीख. पुढे विचारायला गेलात की ती पोच दाखवा, चर्चा निम्मी होते. घरी एक साधी वही ठेवा: कुठे, कोणतं पद, कोणत्या तारखेला, कोण काय म्हणालं. तीन ठिकाणी अर्ज टाकलेला मुलगा तिसऱ्या ठिकाणी पहिल्या ठिकाणचं पद सांगतो, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

शिफारशीचं काय, असं कुणी तरी विचारणारच. शिफारस सरसकट वाईट, असं मी म्हणणार नाही. बडोद्यात राहून तर म्हणता येणारच नाही. सयाजीराव गायकवाडांनी मुंबईच्या टाउन हॉलमधल्या सभेत जाहीर केलं होतं, की अस्पृश्य समाजातल्या लायक विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी मदत करू. भीमराव आंबेडकर इंटर झाले आणि पुढचा खर्च झेपेना, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनी मुलाला बोलावून घेतलं, स्वतः प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. शिफारस करावी ती अशी. केळूसकर मुलाला शाळेच्या वयापासून ओळखत होते, त्याचं वाचन त्यांना माहीत होतं. महाराजांनी चारचौघांत जे कबूल केलं होतं त्यापलीकडे त्यांनी काही मागितलं नाही. आणि दार उघडल्यावर बोलायचं काम मुलानेच केलं. आमच्याकडे आलेल्या नगरसेवकाच्या पत्रात यातलं काय होतं? उमेदवाराचं आडनावही बरोबर नव्हतं. तुमच्या कामाबद्दल दोन वाक्यं खात्रीने बोलू शकेल असा आयटीआयचा इन्स्ट्रक्टर किंवा जुना सुपरवायझर असेल, तर त्याला विचारून त्याचं नाव अर्जातच द्या. अर्जानंतर माणसं पेरत बसू नका.

हे सगळं खासगी कारखान्याचं झालं. रेल्वेचं आणि सरकारी भरतीचं गाडं निराळं आहे, आणि तिथे प्रतापनगरातली मुलं जास्त पोळतात.

वडोदरा मंडळाचं डीआरएम ऑफिस इथेच, प्रतापनगरात. इमारत समोर दिसते म्हणून मुलांना वाटतं, आत जाऊन विचारलं की कळेल. वडिलांच्या काळात साहेबांपुढे हात जोडून उभं राहिलं की काहीतरी व्हायचं, असं ते सांगत. खरं किती, मला शंका आहे. आज तरी तसं काही नाही. पश्चिम रेल्वेच्या अ‍ॅप्रेंटिस भरतीत वडोदरा मंडळ असतं, प्रतापनगर वर्कशॉपही असतं, पण यादी लागते ती दहावी आणि आयटीआयच्या गुणांच्या सरासरीवर. लेखी परीक्षा नाही, मुलाखत नाही. मग विचारायचं कुणाला आणि काय? गुणपत्रिका छापून कधीच्या हातात आलेल्या असतात. शिवाय ते प्रशिक्षण असतं. ते संपलं म्हणजे नोकरी पक्की असं नाही, तिची भरती वेगळी होते, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवावं.

मोठ्या भरतीत तर संख्याच अशी असते की एकाचा आवाज पोचणार नाही. लेव्हल वन, म्हणजे जुन्या ग्रुप डीच्या १ लाख ३ हजारांवर जागांसाठी मार्च-एप्रिल २०१९ मध्ये अर्ज मागवले. एक कोटीहून जास्त अर्ज आले. परीक्षा सुरू झाली १७ ऑगस्ट २०२२ ला. मधली तीन वर्षं आमच्या गल्लीतली किती पोरं डीआरएम ऑफिसच्या गेटवर जाऊन आली असतील! गेटवरच्या जवानाला काय माहीत असणार? अशा भरतीत विचारपूस म्हणजे तीन गोष्टी. अर्जाचा नोंदणी क्रमांक आणि छापील प्रत जपून ठेवणं. अर्जात दिलेला मोबाइल आणि ईमेल शेवटपर्यंत चालू ठेवणं. रिचार्ज संपला म्हणून सिम गेलं आणि कागदपत्र तपासणीचा मेसेज त्या सिमबरोबर गेला, अशी उदाहरणं आहेत. आणि अधिकृत संकेतस्थळावरची सूचना दर आठवड्याला स्वतः पाहणं. गुजरात सरकारच्या भरतीत ‘ओजस’ संकेतस्थळावर मिळणारा कन्फर्मेशन नंबर हीच तुमची पोच.

निकालानंतर शंका असेल तर सभ्य आणि पक्का मार्ग आहे, माहितीचा अधिकार. २००५ चा कायदा, केंद्राच्या कार्यालयांसाठी दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. नाही मिळालं किंवा पटलं नाही, तर तीस दिवसांत पहिलं अपील. फक्त ‘माझी निवड का झाली नाही’ असं विचारू नका, कारण कार्यालय कागद देतं, कारणं शोधून देत नाही. ‘माझे गुण किती, माझ्या प्रवर्गात शेवटच्या निवडलेल्या उमेदवाराचे गुण किती’ असं विचारा. स्वतःची उत्तरपत्रिका पाहायला मागण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केलेला आहे. अर्जाची भाषा रागाची नको. माहिती अधिकाऱ्याने तुमचं काही बिघडवलेलं नसतं.

जिथे विचारायला कुणी नसतं, तिथे ‘मी विचारून देतो’ म्हणणारा उगवतो. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला असाच एक जण चहाच्या टपरीवर भेटला. गळ्यात निळी पट्टी, तिला कसलंसं ओळखपत्र, पण खिशात खोचलेलं. ‘यादी तयार आहे, वर अडकली आहे. फॉलोअप करावा लागेल,’ म्हणाला. पैसे थोडे रोख गेले, थोडे कुणा बाईच्या नावाच्या यूपीआयवर. मग व्हॉट्सअ‍ॅपवर जॉइनिंग लेटर आलं आणि मुलाच्या वडिलांनी पेढे घेऊन ते मला दाखवायला आणलं, कारण आयुष्यभर मी असली पत्रंच टाइप करत होते.

मी चष्मा लावला. वरचे सिंह आडवे ताणलेले, चेपून रुंद झालेले. पत्राला क्रमांक होता, पण वर्ष नव्हतं. सही करणाऱ्याचा हुद्दा ‘डीआरएम भरती अधिकारी’, असा हुद्दा मी कधी ऐकला नव्हता. खाली जीमेलचा पत्ता. आणि नोंदणी क्रमांक मुलाच्या अर्जाशी ताडून पाहिला तर तो दुसऱ्याच कुणाचा. पेढ्यांचा पुडा टेबलावर तसाच राहिला. मी त्यांना म्हटलं, ‘भाऊ, आत्ताच्या आत्ता १९३० ला फोन लावा.’ ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीसाठी हा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि जितक्या लवकर फोन जाईल तितकी बँकेत ती रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. त्यांचं सगळ्यात मोठं म्हणणं काय, तर ‘ताई, कॉलनीत कुणाला सांगू नका.’ रोख दिलेले पैसे मात्र कुठलाच फोन अडवू शकत नाही.

रेल्वेच्या प्रत्येक भरतीच्या जाहिरातीत दलालांपासून सावध राहा असं लिहिलेलं असतं. लोक ती ओळ वाचत नाहीत, वयाची अट वाचतात. भरतीची फी अर्ज भरताना ऑनलाइनच जाते. त्यानंतर कुठल्याही टप्प्यावर निवड करून देतो म्हणून कुणीही पैसे मागितले, तर तो दलाल समजा.

नकाराबद्दल थोडं. खासगी ठिकाणाहून नकार आला तर त्याला दोन ओळींचं उत्तर द्या: कळवल्याबद्दल आभार, पुढे जागा निघाली तर विचार व्हावा. वाद घालू नका, कारण विचारू नका. आम्ही अशा मेलांसाठी वेगळं फोल्डर ठेवायचो, आणि घाईच्या भरतीत ते पहिलं उघडलं जायचं.

आणि दुसरीकडे नोकरी लागली, तर जिथे जिथे अर्ज अडकले आहेत तिथे कळवा. हे कुणीच करत नाही. पेढे वाटतात, देवळात जाऊन येतात, फेसबुकवर टाकतात, पण ज्या बाईला महिनाभर ‘कधीपर्यंत कळेल’ विचारलं तिला एक मेल टाकत नाहीत. मग ती जून महिन्याच्या उकाड्यात बसून फोन लावत राहते, शॉपवाला डोक्यावर उभा, आणि पलीकडून आवाज येतो, ‘अरे मॅडम, हुं तो क्यारनो लागी गयो!’